उभ्या मिरच्या

माझी माय मिरचीच्या फुलांमध्ये काम करायची. शहरात कुणाला हे सांगितलं की त्यांना वाटतं, मिरच्या तोडायला जायची. तोडणी वेगळी. संकरित बियाणं तयार करायचं तर एका जातीच्या फुलाला दुसऱ्या जातीचा पराग लावावा लागतो, आणि ते अजून तरी माणसाच्या हातानंच होतं. मिरचीची कळी गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी. उमलायच्या आदल्या दिवशी ती चिमट्यानं हळूच उघडायची, आतले पाच-सहा निळसर पुंकेसर एकेक करून काढायचे, मधल्या नाजूक काडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काडीच्या टोकाला नर झाडाचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. परागाला बाया पावडर म्हणतात. एक पुंकेसर जरी आत राहिला तरी फूल स्वतःचाच पराग घेतं, आणि त्या फळातलं सगळं बी खोटं निघतं. ते खोटं आहे हे तेव्हा कुणालाच कळत नाही. बी तर सगळं सारखंच दिसतं.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईपासून चार-पाच किलोमीटरवर. वडील गेले तेव्हा आमच्याकडे मेंढ्या होत्या. मायनं दोन वर्षं त्या सांभाळल्या, मग विकून टाकल्या, कारण मी शाळेत होते आणि मेंढ्यांमागं फिरायचं तर घराला कुलूप लावावं लागलं असतं. त्याच सुमारास गावाकडं शेडनेट उभे राहायला लागले होते. पांढऱ्या जाळीची ती घरं लांबून कुणीतरी रानात धोतरं वाळत घातल्यासारखी दिसायची. माय आधी तिथं निंदायला गेली. एका दुपारी कंपनीचा माणूस बायांना कळी उघडायला शिकवत होता, तेव्हा ही लांबून पाहत होती. त्यानं सहज तिच्या हातात चिमटा दिला. तिनं पहिलीच कळी अशी उघडली की तो म्हणाला, बाई, हे तुम्ही आधी केलंय का? माय म्हणाली, "मेंढराच्या खुरातला काटा काढते मी. हे तर हलतबी न्हाई."

पुढं पंधरा-सोळा वर्षं ती तेच करत राहिली. नंतर नंतर तर सात-आठ बायांची टोळी तिच्या हाताखाली असायची. दिवसभर स्वतःची ओळ करायची आणि संध्याकाळी बाया निघाल्या की प्रत्येकीच्या ओळीतल्या दहा-वीस कळ्या उघडून तपासायची. कुणाच्या कळीत काही राहिलेलं सापडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईला सगळ्यांदेखत ते दाखवायची. बायांना तिचा राग यायचा. पण तिच्या टोळीनं केलेलं बियाणं कंपनीनं एकदाही नापास केलं नव्हतं, त्यामुळे दरवर्षी मालक पहिला निरोप तिलाच धाडायचे.

मालक गावातलेच. पिढ्यान्‌पिढ्या शेती असलेलं घर, पण माणूस बायांच्या आधी शेडनेटवर हजर असायचा. कंपनीचे साहेब आले की ते मायकडं बोट दाखवून म्हणायचे, "मावशीच्या हातात कला हाय, साहेब."

मायला हे बिलकुल आवडायचं नाही. घरी आल्यावर पुटपुटायची, "कला म्हणे. कला चुकली तर लोक हसतात आन घरी जातात. हे चुकलं तर कोणाचंतरी साल जातंय."

ती हे कुणाबद्दल म्हणायची ते मला बरेच दिवस समजलं नाही. मला वाटायचं, मालकाबद्दल. एकदा विचारलं तेव्हा तिनं मालकाच्या ओट्यावर पडलेलं बियाण्याचं रिकामं पाकीट उचलून दाखवलं. त्यावर लालचुटूक मिरच्या आणि फेटा बांधलेल्या हसऱ्या माणसाचा फोटो होता. म्हणाली, "हे कुठं जातं मला ठाऊक न्हाई. पर कोणीतरी ते फोडतं, रोप करतं, पाणी घालतं, चार महिने वाट पाहतं. त्याला मी दिसत न्हाई. त्यानं फक्त ह्या फोटोवर इश्वास टाकलेला असतो. फोटोतल्या माणसाला तर काहीच करता येत न्हाई, ते मलाच करावं लागतं."

तिच्या या कामावर मी शिकले. कृषी पदविका केली आणि मालक ज्या कंपनीला बियाणं द्यायचे, तिच्याच जालन्याच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत लागले. लग्न जालन्यातच झालं. प्रयोगशाळेत आम्ही ओल्या कागदात शंभर-शंभर बिया गुंडाळून ठेवतो आणि ठरावीक दिवसांनी उघडून उगवलेल्या मोजतो. मायला याचं फार अप्रूप होतं. संध्याकाळी फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय उगवलं?" मी सांगायची, वांगं, भेंडी, काकडी. ती म्हणायची, "बरं." जणू तिच्याच वावरात उगवलंय.

मी सांगतेय त्या वर्षी टोळीत एक नवी पोरगी आली होती. लग्न होऊन वर्षभरापूर्वीच गावात आलेली, वीस-एकवीस वर्षांची. मायनंच तिला शिकवलं. फोनवर मला म्हणाली होती, "हळू हाय पोरगी. पर साफ करती. पुढं हात येईल तिला."

दिवाळीला मी गावी गेले. पहिल्याच दिवशी जेवताना भातात खडा लागला. मायच्या हातचं निवडलेलं आणि खडा, असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ओतताना थोडा कपाबाहेर गेला, तिनं पदरानं पुसून टाकला. मी पाहिलं, पण काही बोलले नाही. दुपारी तिचा डबा घेऊन नेटवर गेले. क्रॉसिंगचे, म्हणजे पराग लावायचे, ऐन दिवस होते, दिवाळीचीही सुट्टी नव्हती. आत गेल्यावर मला ती ओळीच्या टोकाला दिसली. कळी तिनं इतकी जवळ धरली होती की नाकाला लागेल असं वाटावं. पूर्वी ती हातभर अंतरावरून काम करायची, एकीकडं बोलत, दुसरीकडं ओळीवर नजर ठेवत. आता ती बोलत नव्हती. बोटांनी चाचपून चाचपून कळी उघडत होती.

मी तिनं नुकत्याच केलेल्या ओळीतून चालत गेले. सवयीनं एक कळी पाहिली. आत एक पुंकेसर तसाच होता.

मी तो नखानं काढला आणि पुढं झाले.

डबा देताना विचारलं, "माय, नीट दिसतंय ना तुला?"

"जाळीत उजेड कमी असतो," ती म्हणाली. "आन मालकानं जाळी यंदा नवी टाकली. जाड हाय."

"जालन्याला दाखवून येऊ की डोळे."

"सीझन होऊ दे. आत्ता जाऊन कसं चालंल? बायांकडं कोण पाहील?"

मी बरं म्हणाले. सीझन झाला. मग लेकाची शाळा, नवऱ्याच्या नोकरीतली बदलाबदल, प्रयोगशाळेतली गर्दी, असं करत करत मी ते पुढं ढकललं. खरं कारण मला ठाऊक आहे. डोळे दाखवायला नेलं असतं तर पुढची गोष्ट बोलावी लागली असती. सीझनमध्ये तुला दिसत नव्हतं, मग तू केलेल्या कळ्यांचं काय, हे मला तिला विचारायचं नव्हतं. एकच कळी होती, असं मी स्वतःला सांगत राहिले.

बियाणं कंपनीत आलं की त्यातलं थोडं बी तपासणीच्या शेतात लावतात. झाडं मोठी झाली, फळं धरली की खरं-खोटं उघड होतं. त्या जातीत मादी झाडाला उभ्या मिरच्या लागायच्या, आभाळाकडं टोक केलेल्या. नर झाडाच्या मिरच्या खाली लोंबायच्या. दोघांचा संकर झाला की मिरची लोंबणारीच निघते. म्हणजे तपासणीच्या शेतात उभी मिरची दिसली की समजायचं, हे झाड आईचंच, याला बाप मिळालाच नाही. कुठल्यातरी कळीत पुंकेसर राहिला होता.

पोत्यांवर शेतकऱ्याचं नाव नसतं, नंबर असतो. त्या वर्षीचा मायच्या टोळीच्या मालाचा नंबर मात्र मी मालकाच्या अंगणातच वाचला होता. मे महिन्याच्या सुरुवातीला मी आणि आमचे सर त्या नंबरच्या पट्ट्यात मोजणीला उतरलो. उभ्या मिरचीच्या झाडाला लाल फीत बांधायची, असं काम होतं. मोजकी झाडं चुकली तर चालतं. मी पहिली फीत बांधली, दुसरी बांधली. अर्ध्या ओळीतच हातातल्या फिती संपल्या आणि मला परत जाऊन आणाव्या लागल्या.

सर म्हणाले, "कोणाचा आहे हा लॉट? फारच गलथान काम केलंय."

मी म्हणाले, "नंबर लिहून घेते, सर."

मोजणी मी बरोबर केली. एकही झाड लपवलं नाही. कागदावर सही केली. लॉट नापास झाला आणि मालकाचं त्या हंगामातलं सगळं बियाणं कंपनीनं नाकारलं.

चार दिवसांनी मायचा फोन आला. आवाज चढलेला होता. "ऐकलं का? आपला माल नापास झाला. सोळा सालात पहिल्यांदा. मालक आल्ते घरी. मला म्हणले, मावशी, कोणाच्या हातची खोट असंल? म्या सांगितलं, बाकी साऱ्या जुन्या बाया हायेत, नवी ती एकच पोरगी."

"पण तू तर म्हणाली होतीस, ती साफ करते."

"तव्हा करत असंल. मागून घाई केली असंल. पोरींचं काय सांगावं? मालकानं तिला सांगून टाकलं, यंदा येऊ नको म्हून."

मी फोन कानाला धरून उभी होते. समोर ओल्या कागदाच्या गुंडाळ्या मांडलेल्या होत्या. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "माय, आता ठेवते, काम आहे."

जूनमध्ये तिनं हट्ट धरला की तिला ते शेत पाहायचं आहे. "माझ्या टोळीची खोट कशी दिसती ते मला पाहू दे. पुढल्या सालाला बायांना दाखवून सांगता येईल." मी टाळून पाहिलं. ती म्हणाली, तू नेत नसशील तर मी एकटी येते, पत्ता विचारत. सरांना विचारलं तर ते म्हणाले, आणा की, या आठवड्यात ती झाडं उपटायचीच आहेत.

सकाळची वेळ होती. नऊवारीचा काष्टा घालून, नवं पोलकं घालून ती आली होती, लग्नाला आल्यासारखी. आम्ही पट्ट्याच्या टोकाला उभ्या राहिलो. तेव्हा मिरच्या पिकल्या होत्या, झाडं लालभडक झाली होती. माय पुढं चालायला लागली. पहिल्या फीत बांधलेल्या झाडाजवळून ती तशीच पुढं गेली. दुसऱ्याजवळूनही. पाचव्या-सहाव्या झाडापाशी थांबून मला म्हणाली, "खोटी झाडं कोणती? खूण केली न्हाई का तुमच्या लोकांनी?"

बाजूच्या पट्ट्यात एक मजूर बाई गवत काढत होती. ती हसून म्हणाली, "आजी, लाल फीत बांधली की! तुमच्या हाताशीच हाय."

माय म्हणाली, "ती मिरची हाय."

"मिरची न्हाई, फीत हाय."

मायनं हात पुढं केला. फीत तिच्या बोटांना लागली. तिनं ती चिमटीत धरून खालपर्यंत चाचपली, गाठ चाचपली. मग तसाच हात वर नेऊन मिरच्यांना लावला. मिरच्या उभ्या होत्या. तिनं एक एक करून चार-पाच मिरच्यांची टोकं बोटानं पाहिली. त्यानंतर ती पुढच्या झाडाकडं गेली. आता ती डोळ्यांनी पाहतच नव्हती. प्रत्येक झाडाच्या फांद्यांत हात घालायची, मिरची लोंबती की उभी ते पाहायची आणि पुढं सरकायची. उभी लागली की हलक्या आवाजात आकडा म्हणायची. मी तिच्यामागं चालत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. मी म्हणाले, "माय, पुरे आता, ऊन झालं." तिनं ऐकलंच नाही. सगळा पट्टा संपवून ती बांधावर आली आणि खाली बसली. मिरच्यांनी तिची बोटं झोंबत असणार. तिनं ती मातीत घासली.

ती काहीतरी पुटपुटली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "गजऱ्याएवढं मोठं, आन मला दिसलं न्हाई." लाल फितीबद्दल बोलत होती.

जालन्याहून भोकरदनच्या बसमध्ये मी तिच्याबरोबर बसले. तिला एकटीला सोडवेना. राजूरपर्यंत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, "पोरीची न्हाई ती खोट. मपली हाय."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तुला कव्हापासून ठाऊक व्हतं?"

खोटं बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणाले, "दिवाळीपासून. तुझ्या ओळीत एका कळीत पुंकेसर राहिलेला पाहिला होता."

"मंग?"

"मी काढला तो."

"एकच पाहिली कळी?"

"एकच."

"का? एकीत सापडला तर म्या दुसऱ्या दहा उघडून पाहिल्या असत्या. तुला ठाऊक हाय मी कशी पाहते ते."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

तेव्हा ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर नीट लागत नव्हते, थोडे बाजूला, कानाकडं पाहत होते. म्हणाली, "मपले डोळे गेल्ते. तुपले तर शाबूत व्हते ना?"

बसमध्ये माणसं होती. ती ओरडली नव्हती, त्यामुळे कुणी वळून पाहिलं नाही. मी पुढच्या सीटचा दांडा धरून बसले. त्या एका वाक्यानंतर आजपर्यंत मला कुणी काही लावून बोललं तरी तेवढं लागलेलं नाही.

गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. सरळ मालकाच्या वाटेला लागली. वाट तिच्या पायांना पाठ होती. मालकांच्या अंगणात तेव्हा पाच-सहा माणसं बसलेली होती, पेरणीच्या गोष्टी चालल्या होत्या. मायनं उभ्या उभ्याच सांगितलं, "भाऊ, मालाची खोट त्या पोरीची न्हाई. मपली हाय. मला दिसत न्हाई. म्या लपवलं."

मालक उठून उभे राहिले. चांगला माणूस. म्हणाले, "मावशी, बसा आधी. असं एकट्यानं नका घेऊ अंगावर. साऱ्यांच्याच हातून थोडं थोडं गेलं असंल."

"न्हाई. बाकीच्या बायांचं म्या रोज तपासत व्हते. मपलं कोणी तपासलं न्हाई. आन दिसत नव्हतं तर मपलं तपासणंबी खोटंच झालं." तिनं बसलेल्या माणसांकडं तोंड वळवलं. "पोरीचं नाव म्या घेतलं. ते तुम्ही साऱ्यांनी ऐकलं, तर हेबी ऐका."

मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मायनं घेतला नाही. ती तिथून त्या पोरीच्या घरी निघाली. पोरगी घरी नव्हती. नेटचं काम गेल्यावर ती टेम्पोनं लांबच्या गावी रोजानं जात होती. माय त्यांच्या दारातल्या दगडावर बसून राहिली. दिवस कलला तेव्हा टेम्पो आला. पोरगी उतरली, डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. मायनं तिला सगळं सांगितलं, तिच्या सासूसमोर, शेजारणींसमोर. पोरीनं ऐकून घेतलं. हौदातून पाणी घेऊन पायांवर ओतलं आणि म्हणाली, "बरं." बस, एवढंच. सासू मात्र मान खाली घालून आत निघून गेली.

मी तेव्हाही तिथं उभी होते. मी काय पाहिलं होतं ते मायनं कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

त्यानंतर मी मायला जालन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, त्याचं ऑपरेशन झालं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकत आल्यात, गेलेली नजर परत येणार नाही. वर्षभर आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. मायला हे मी सांगितलं. या वेळी लपवलं नाही. ती म्हणाली, "बरं झालं, सांगितलं."

पुढच्या हंगामात मालकांनी नेट पुन्हा लावला. पोरीला बोलावणं गेलं आणि ती आली. मालकांनी मायलाही बोलावलं होतं. म्हणाले, नुसतं बसा दाराशी, बाया बिचकून राहतील. मायनं निरोप धाडला, "तपासायला डोळे लागतात, भाऊ. मी बसले तर बाया म्हणतील, तपासलं. आन तपासलेलं नसंल." ती पुन्हा कधीच त्या जाळीखाली गेली नाही.

आमच्यात भांडण झालं नाही. मी दर आठवड्याला गावी जायचे, ती माझ्या हातचं जेवायची, नातवाला मांडीवर घ्यायची. त्याच्या गालावरून बोटं फिरवून म्हणायची, वाढला. पण संध्याकाळचा फोन आला की आता तब्येत विचारायची, पाऊस विचारायची. आज काय उगवलं, हे तिनं मला पुन्हा विचारलं नाही. एकदोनदा मीच सांगून पाहिलं, माय, आज टरबूज उगवलं बघ. ती म्हणाली, "हं." मग मी सांगणं सोडून दिलं. प्रयोगशाळेत मला बढती मिळाली तेव्हा तिला फोनवर सांगितलं. "चांगलं झालं," म्हणाली, आणि नवऱ्याचा खोकला कसा आहे ते विचारलं.

दोन वर्षांनी, पौषात, ती गेली. तीन दिवस ताप होता. शेवटच्या दिवशी शुद्ध होती, पण माझ्याशी त्या विषयावर काही बोलली नाही. मला उगाच आशा होती, बोलेल म्हणून. मालक खांद्याला आले. टोळीतल्या सगळ्या बाया आल्या. ती पोरगीही आली, आणि इतर बाया रडत होत्या तेव्हा ती गुपचूप चुलीशी जाऊन सगळ्यांसाठी पाणी तापवत बसली.

त्यानंतरच्या दिवाळीआधी मी ठरवून गावी गेले. आता टोळी त्या पोरीच्याच हाताखाली होती. मी नेटच्या दारात उभी राहून तिला हाक मारली. तिनं वर न पाहता सांगितलं, "ताई, आत्ता न्हाई. कळी हातात हाय." मी बाहेर बाभळीखाली थांबले. जेवणाच्या वेळी ती भाकरी घेऊन आली, माझ्यापुढंही अर्धी ठेवली. मी तिला दिवाळीतली ती कळी सांगितली. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले, तुझं काम गेलं तेव्हाही गप्प राहिले, असं सगळं सांगितलं.

तिनं घास खाऊन संपवला. मग म्हणाली, "त्या साली मला घरात नापासाची म्हणायचे. भांडं पडलं तरी तेच, भात लागला तरी तेच. मावशी आल्त्या तव्हा मी त्यांना काही बोलले न्हाई. त्यांचे डोळे गेल्ते. आन त्यांनी चार माणसांत, सासूदेखत सांगितलं." तिनं बोटं फडक्याला पुसली. "तुम्ही आत्ता सांगून राह्यल्या. हितं झाडाखाली, कोणी नसताना."

ती भाकरीचं फडकं झटकून उठली आणि आत गेली.

मी मग उठले आणि तिच्यामागं नेटमध्ये गेले. बाया आपापल्या ओळीला लागत होत्या, मालक पाण्याच्या नळ्या पाहत होते. मी मोठ्यानं सांगितलं. मायच्या ओळीत मी काय पाहिलं होतं, कुणाची मुलगी म्हणून आणि कुठं नोकरी करणारी म्हणून मी काय करायला हवं होतं, आणि काय केलं नाही. हात थांबले. एका म्हाताऱ्या बाईनं पदर तोंडाला लावला. मालक खाली पाहत नळीवरची माती अंगठ्यानं काढत राहिले, काढायला काही उरलं नव्हतं तरी. ती पोरगी माझ्याकडं पाहत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

कुणी बस म्हणालं नाही, जा असंही म्हणालं नाही. थोड्या वेळानं पलीकडच्या ओळीत एकीनं चिमटा उचलला, मग दुसरीनं. मी वाटेत उभी होते आणि बायांना माझ्या अंगाला वळसा घालून जावं लागत होतं, म्हणून मी बाजूला झाले.